लॉसलेसची खूण रोज संध्याकाळी जाते? सेटिंगपेक्षा वाट तपासा

"अगं, ती खूण परत गेली."

गोव्यातल्या म्हार्दोळहून मामांचा फोन. जून महिना, संध्याकाळचे पावणेआठ, आणि आठ दिवसांतली ही चौथी वेळ. मामांनी मे महिन्यात एका म्युझिक स्ट्रीमिंग सेवेचा वरचा प्लॅन घेतला होता, खास लॉसलेससाठी, म्हणजे काहीही न गाळता येणाऱ्या गाण्यासाठी. मी फोंड्याहून जाऊन सगळं लावून दिलं होतं. ॲपमध्ये लॉसलेस चालू केलं, फोनला बोटाएवढा डॅक (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा आवाज करणारं उपकरण) लावला, त्यातून त्यांच्या जुन्या अँप्लिफायरला वायर नेली. दिवसा व्यवस्थित चालायचं. संध्याकाळी देवाकडे दिवा लावून ते सोप्यावर (पुढच्या पडवीत) येऊन बसले, एखादा अभंग लावला, की थोड्या वेळाने स्क्रीनवरचा 'लॉसलेस' हा शब्द नाहीसा व्हायचा. मी जाऊन सेटिंग उघडायची, तर लॉसलेस चालूच. बंद करून परत चालू केलं की खूण परत यायची. मी चहा पिऊन घरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

मामांच्या घरचं कोडं सुटायला तीन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर ओळखीतल्या आणखी काही जणांकडे हीच तक्रार बघितली आणि दर वेळी मूळ एकच निघालं. सेटिंग आपोआप बदलत नाही. गाणं ज्या वाटेने येतं आणि ज्या वाटेने कानापर्यंत जातं, ती वाट गुपचूप बदलते. खूण गेली की आपण ॲपच्या सेटिंगमध्ये शिरतो, तिथे सगळं ठीक दिसतं, आणि आपण गोंधळतो. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी थोडं लॉसलेसबद्दल, कारण नेमकं काय हरवलं ते कळल्याशिवाय ते शोधता येत नाही. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ) मोजलेला असतो, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे साधारण १,४११ केबीपीएस. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस हे प्रकार यातला जो भाग कानाला जाणवणार नाही असा त्यांचा हिशोब असतो, तो टाकून देतात आणि २५६ किंवा ३२० केबीपीएसमध्ये गाणं बसवतात. फ्लॅक आणि ॲपलचं एलॅक हे प्रकार काहीच टाकत नाहीत. झिप फाइलसारखं घट्ट बांधतात आणि उघडल्यावर प्रत्येक बिट जसाच्या तसा परत देतात. लॉसलेस म्हणायचं ते याला.

फरक ऐकू येतो का, हे मला सगळेच विचारतात. ३२० केबीपीएसच्या चांगल्या फाइलमध्ये बहुतेक गाण्यांत मला खात्रीने ओळखता येत नाही, आणि हे मी सांगितलंच पाहिजे. पण आपल्या संगीतात काही जागा अशा आहेत जिथे कान थांबतो. मामांनी सगळं आयुष्य भजनात पखवाज वाजवलाय. ते झांज ऐकतात. झांजेचा ठोका एकदम येतो, आधी पूर्ण शांतता आणि मग धारदार झणकार. टाकून देणारे कोडेक (गाणं दाबून बसवायच्या या रीती) आवाजाचे छोटे तुकडे करून काम करतात, त्यामुळे अशा ठोक्याची चूक त्या तुकड्यात मागे-पुढे पसरते आणि ठोक्याच्या आधीच किंचित फुसफुस ऐकू येते. बिटरेट कमी असेल तर फारच. तानपुऱ्याची जवारीही तशीच. स्वर ऐकू येतोच, पण जवारीतून सुटणारे ते बारीक बारीक धागे एकमेकांत चिकटल्यासारखे होतात. मामांच्या फोनवर खूण गेल्यावर गाणं कधी कधी अगदी खालच्या दर्जावर जायचं, आणि त्यांना ते स्क्रीनकडे न बघता कळायचं.

पहिली संध्याकाळ: वीज

त्या दिवशी मी मुद्दाम साडेसहालाच जाऊन बसले. सेटिंगला हात लावला नाही, फक्त बघत राहिले. साडेसात वाजून गेले, पावसाचा जोर वाढला आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे, पंखा आणि अँप्लिफायर चालू राहिले. गाणंही थांबलं नाही. ते संपलं, पुढचं सुरू झालं, आणि खूण नव्हती.

राऊटर ज्या प्लगवर होता, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. राऊटर बंद पडला, फोन निमूटपणे मोबाइल डेटावर गेला. आणि मोबाइल डेटासाठीचं दर्जाचं सेटिंग वेगळं असतं. तिथे मी स्वतःच, डेटा वाचावा म्हणून, खालचा दर्जा ठेवला होता. चालू गाणं आधीच उतरून फोनमध्ये जमा झालेलं असल्यामुळे मधे खंड पडला नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी फोंड्याहून पोहोचेपर्यंत वीज आलेली असायची, फोन परत वायफायवर गेलेला असायचा, आणि मी सेटिंग बंद-चालू केल्यामुळे खूण आली असं आम्हा दोघांनाही वाटायचं. एवढी साधी गोष्ट, पण पंधरवडा गेला त्यात.

तर पहिलं काम हे: खूण गेली की ॲप उघडायच्या आधी फोनच्या वरच्या पट्टीकडे बघा. वायफायची खूण आहे की ४जी-५जी? मोबाइल डेटा असेल तर उत्तर तिथेच आहे.

लॉसलेसचा दर्जा निदान तीन ठिकाणी वेगवेगळा ठरवायचा असतो: वायफायवर ऐकताना, मोबाइल डेटावर ऐकताना, आणि डाउनलोड करताना. ॲपल म्युझिकमध्ये आयफोनवर सेटिंग्ज, ॲप्स, म्युझिक, ऑडिओ क्वालिटी असं जायचं. अँड्रॉइडवर ॲपच्या आतल्या सेटिंग्जमध्येच ऑडिओ क्वालिटी आहे. तिथे वरचं 'लॉसलेस ऑडिओ' हे बटण चालू केलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण त्याखाली या तिन्ही ओळी आहेत आणि प्रत्येक वेगळी निवडावी लागते. ॲपलने जून २०२१ मध्ये ही सोय वेगळे पैसे न लावता दिली. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ पासून लॉसलेस द्यायला सुरुवात केली, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, फ्लॅकमध्ये. भारतात त्यासाठी प्रीमियम प्लॅटिनम प्लॅन लागतो, त्यामुळे तुमच्याकडे साधा प्रीमियम असेल तर पर्याय दिसणारच नाही. फोन बिघडलेला नाही. स्पॉटिफायमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवून सेटिंग्ज अँड प्रायव्हसी, मग मीडिया क्वालिटी. आणि हे प्रत्येक उपकरणावर वेगळं करावं लागतं. फोनवर केलं म्हणून टॅबवर आपोआप होत नाही.

मोबाइल डेटावरही लॉसलेस ठेवावं का? ॲपलने स्वतः दिलेला अंदाज असा आहे: ३ मिनिटांचं गाणं नेहमीच्या दर्जात ६ एमबी, लॉसलेसमध्ये ३६ एमबी, हाय-रेझ (सीडीपेक्षा बारीक मोजमापाच्या) लॉसलेसमध्ये १४५ एमबी. म्हणजे तासाभराच्या लॉसलेसला ७२० एमबी. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर दोन तासांत कोटा संपत येतो, आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या व्हिडिओंनी तो आधीच अर्धा खाल्लेला असतो. कोटा संपल्यावर वेग इतका पडतो की लॉसलेस सोडाच, साधं गाणंही अडखळतं. हाय-रेझच्या तर डेटावर वाटेलाही जाऊ नका.

मामांकडे आम्ही राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. फायबर असेल तर ध्यानात ठेवा, भिंतीवरची फायबरची डबी आणि राऊटर अशा दोन वेगळ्या वस्तू असतील तर दोघींनाही वीज लागते. एकीला दिली आणि दुसरी बंद राहिली तर वायफायची खूण दिसेल, पण इंटरनेट नसेल. आणि त्या डबीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर राऊटरशी खेळून उपयोग नाही. बहुधा बाहेर कुठेतरी फायबर तुटलेली असते, पावसाळ्यात फांदी पडली की हे होतंच. ऑपरेटरला फोन करा आणि त्या दिवशी डाउनलोड केलेलं ऐका.

दुसरी संध्याकाळ: चिऱ्याची भिंत

यूपीएस आला, वीज गेली तरी राऊटर चालू राहिला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी वीज असतानाच खूण गेली.

मामांचं घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. राऊटर माजघरात, देवघराच्या बाजूच्या कपाटावर. सोपा त्याच्या दोन भिंती पलीकडे. दुपारी मामा माजघरात, राऊटरच्या जवळच असायचे, संध्याकाळी सोप्यावर. म्हणून दिवसा तक्रार नव्हती. सोप्यावर फोन पाच गिगाहर्ट्झच्या वायफायला जेमतेम चिकटलेला असायचा, एक काडी, कधी तीही नाही. पकड सुटली की मोबाइल डेटा.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल पण खरी आहे. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, म्हणून सगळे तेच निवडतात. पण त्या लहरी जाड भिंतीत लवकर मरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंत पार करून जास्त आत पोहोचतात, आणि सीडीच्या दर्जाच्या लॉसलेसला सेकंदाला दीड मेगाबिटसुद्धा लागत नाही. संथ पण पक्कं वायफाय लॉसलेसला पुरून उरतं. आम्ही राऊटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि मामांच्या फोनला फक्त २.४चं नाव ओळखायला लावलं, पाचचं विसरायला लावलं. राऊटर कपाटावरून उचलून दाराच्या रेषेत आणला. त्या दिवसापासून भिंतीची तक्रार संपली.

फोन स्वतःहून डेटावर उडी मारत असेल तर तीही सोय बघून घ्या. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानाच्या अगदी तळाशी 'वायफाय असिस्ट' असतं, ते बंद करून बघा. काही ॲपना ते लागू होत नाही, पण तपासायला एक मिनिट लागतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही वायफाय कमजोर झालं की डेटावर जायचा पर्याय असतो. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, पण वायफायच्या प्रगत सेटिंग्जमध्ये सापडतो.

तिसरी संध्याकाळ: आवाज बाहेर कुठून जातो

ही सगळ्यात फसवी. खूण स्क्रीनवर होती. वायफाय पक्कं होतं. तरी मामा म्हणाले, "हे ते नव्हे. झांज बघ." आणि त्यांचं बरोबर होतं. गाणं अँप्लिफायरमधून येतच नव्हतं. सोप्याच्या खुंटीला नातवाने टांगलेला ब्लूटूथ स्पीकर होता, आवाज तिथून येत होता.

ॲपवरची खूण फक्त एवढंच सांगते की फोनपर्यंत गाणं लॉसलेस आलं. फोनमधून पुढे ते कसं गेलं याची ती हमी नाही. ब्लूटूथवर पाठवायच्या आधी फोन ते गाणं पुन्हा दाबतो. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी एवढेच कोडेक वापरतो. अँड्रॉइडवरचा एलडॅक चांगला आहे, पण तोही सर्वात वर ९९० केबीपीएस, आणि सिग्नल कमजोर झाला की ६६० किंवा ३३०वर उतरतो. सीडीचे १,४११ त्यात बसत नाहीत. ॲप्टएक्स लॉसलेस नावाचा प्रकार आहे, पण फोन आणि हेडफोन दोघांकडे तो असावा लागतो, आणि सिग्नल पडला की तोही खाली येतो. बिनतारी इयरफोन वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः बसमध्ये तेच घालते. पण ज्याने खास लॉसलेससाठी पैसे भरले, त्याला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. दुकानात कुणी सांगत नाही.

मग फोन वायर सोडून ब्लूटूथवर गेला कसा? यामागे डॅकचा संपर्क होता. मी डॅक काढून बॅटरीच्या उजेडात धरला. ३.५ एमएमच्या पिनवर, काळ्या वळ्याच्या कडेला, हिरवट थर होता, नखाने खरवडला तर नखावर पूड आली. आमच्याकडचा पावसाळा असाच. दमट हवेत चार महिने पडलेल्या तांब्या-पितळेवर हिरवं येतंच. सी-टाइपच्या बाजूला तर वेगळीच गोष्ट: फोनच्या खाचेत खिशातली लव दाबून बसली होती, त्यामुळे प्लग पूर्ण आत जात नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी क्षणभर संपर्क तुटे. वायर सुटली की फोन गाणं थांबवतो. मामा परत प्ले दाबत. तोवर नातवाचा स्पीकर कुणीतरी चालू केलेला असला, की गाणं तिथे.

साफ करायची रीत: फोन बंद करा. सी-टाइपच्या खाचेतली लव लाकडी दातकोरणीने हळूच ओढून काढा, सुई किंवा टाचणी घालू नका. पिन पुसायला कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. पूर्ण वाळू द्या, मग जोडा. पावसाळाभर डॅक आणि डोंगल सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून घरातले नको असलेले स्पीकर काढून टाका. नुसतं 'डिस्कनेक्ट' केलं तर ते परत जोडले जातात, 'फर्गेट' करावं लागतं. नातवाला स्पीकर हवा असेल तर त्याने आपल्या फोनला जोडावा, तसं मी त्याला समजावून आले.

गाणं नेमकं कुठून वाजतंय हे फोनच दाखवतो. नियंत्रणाच्या पट्टीत, गाण्याच्या चौकोनावर, उपकरणाचं नाव किंवा चित्र असतं. अँड्रॉइडवर ब्लूटूथचा कोडेकही दिसतो. त्यासाठी फोनच्या माहितीच्या पानावर 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. तिथे बाकी कशाला हात लावू नका.

डोंगल घेताना एक फरक माहीत असू द्या. सी-टाइपमधून हेडफोनची पिन काढून देणारे डोंगल दोन जातींचे असतात. एकात छोटी डॅकची चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचं डोंगल फोनच स्वतः आवाज तयार करून सी-टाइपमधून बाहेर देत असेल तरच चालतं, नाहीतर मुकं राहतं. मी पहिलं डोंगल ऑनलाइन स्वस्तात घेतलं ते असंच निघालं. विकत घेताना 'डॅक चिप आहे का' हे विचारा. लाइटनिंगच्या आयफोनसाठी ॲपलचं ३.५ एमएमचं ॲडाप्टर २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत देतं, म्हणजे साध्या लॉसलेसला पुरेसं आहे. त्यावरच्या हाय-रेझला बाहेरचा डॅक लागतो. ॲपलचं सी-टाइपचं छोटं ॲडाप्टर अँड्रॉइडला लावलं तर बऱ्याच फोनवर आवाज फार बारीक येतो. ॲडाप्टर बिघडलेलं नसतं, दोघांचं आवाजाच्या पातळीबद्दल जमत नाही. दुसरं घ्या.

इन्व्हर्टर चालू असताना स्पीकरमध्ये 'घुंऽऽ' असा आवाज येत असेल तर त्याचा लॉसलेसशी संबंध नाही. स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसते, ती अँप्लिफायरला ऐकू येते. आणि फोन चार्जिंगला लावून ऐकत असाल तर चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा घुंकार तिथेच जातो.

खूण आहे, वायर आहे, तरीही

अजून काही कारणं आहेत, ती पटापट सांगते. लॉसलेस चालू करायच्या आधी डाउनलोड केलेली गाणी जुन्याच दर्जाची राहतात, आपोआप बदलत नाहीत. ती काढून टाकून परत उतरवावी लागतात. ॲपल म्युझिकमध्ये डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आवाज येतोय असं भासवणारा प्रकार) 'ऑटोमॅटिक' असेल आणि गाण्याची ॲटमॉस आवृत्ती असेल, तर तुमच्या हेडफोनप्रमाणे तीही लागू शकते, आणि ॲटमॉसची ती आवृत्ती लॉसलेस नसते. स्टिरिओ हवं असेल तर ॲटमॉस बंद करा. इक्वलायझर, बास बूस्ट, सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय, यातलं काहीही चालू असलं तर गाणं वाटेत बदलतं. ऐकायला आवडत असेल तर ठेवा, पण तपासताना बंद करा.

बरेच अँड्रॉइड फोन बाहेर पाठवताना सगळं ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पाठवतात. अँड्रॉइड १४ पासून ॲपना यूएसबीवर गाणं जसंच्या तसं पाठवायची सोय मिळाली आहे, पण फोन आणि ॲप दोघांनी ती वापरली तरच. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन किलोहर्ट्झ हाताने निवडावे लागतात. विंडोजवर साउंडच्या सेटिंगमध्ये स्पीकरचा फॉरमॅट ठरलेला असतो, सगळं त्यात बदलून जातं. काही डॅकवर रंगीत दिवा असतो, तो किलोहर्ट्झप्रमाणे रंग बदलतो, त्यावरून लगेच कळतं. पण हे बदल चांगल्या प्रतीने केलेले असतात, त्यासाठी मी कुणाला झोप घालवायला सांगणार नाही. ब्लूटूथ आणि मोबाइल डेटा या दोन जागा आधी पक्क्या करा.

मामांची शेवटची तक्रार मात्र कुठल्याच सेटिंगने सुटणारी नव्हती, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. एका रविवारी त्यांनी केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. खूण होती, वायर होती, वायफाय पक्कं होतं. आणि ते म्हणाले, "हे लॉसलेस कसं? खरखर तर केवढी आहे."

केसरबाई आमच्या फोंडा तालुक्यातल्याच, केरीच्या. १९७७ मध्ये त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोन्याच्या तबकडीवर अवकाशात गेली, हे इथल्या घराघरात सांगितलं जातं. त्यांच्या जमान्यातली ध्वनिमुद्रणं ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांवरची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तबकडीवर जे उतरलंच नाही, ते लॉसलेस परत आणू शकत नाही. ते फक्त एवढंच करतं की आज ज्या कुणी ती तबकडी डिजिटल केली, त्याने जे पकडलं ते पुढे एक कणही न हरवता तुमच्यापर्यंत येतं. खरखर त्या तबकडीची आहे, फोनची नाही.

पण म्हणून अशा गाण्याला लॉसलेस नको असं नाही, उलट त्यालाच जास्त हवं. खरखर ही कोडेकच्या दृष्टीने सगळ्यात अवघड गोष्ट असते, कारण तिला कसलीच लय किंवा आकार नसतो. कमी बिटरेटचा कोडेक आपले बरेचसे बिट त्या खरखरीवर खर्च करून टाकतो आणि गाण्याच्या वाट्याला कमी उरतात. मग खरखर पाण्यासारखी खळखळू लागते आणि तानेची कड बोथट होते. लॉसलेसमध्ये खरखर नुसती खरखर राहते. सारखी, स्थिर. दोन मिनिटांत कान तिच्या पलीकडचं ऐकायला शिकतो, आणि मग आवाज उभा राहतो. मामांना मी तीच मुद्रिका आधी खालच्या दर्जात आणि मग लॉसलेसमध्ये लावून दाखवली. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या वेळी फक्त मांडीवर बोटांनी ठेका धरला.

जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी खरा उपयोगी उपाय असा: एकच मुद्रिका सेवेवर तीन-चार संग्रहांत सापडते आणि प्रत्येक वेळी ती वेगळ्या हाताने डिजिटल केलेली असू शकते. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई, पंडित जितेंद्र अभिषेकी, कुणाचंही शोधताना पहिलं सापडलं ते घेऊन थांबू नका. सगळ्या आवृत्त्यांची पहिली तीस सेकंदं ऐका. जिथे खरखर अगदीच नाही तिथे सावध राहा, कारण खरखर पुसणाऱ्याने बऱ्याचदा तिच्याबरोबर तानपुराही पुसलेला असतो. थोडी खरखर असलेली आणि मागे तानपुरा श्वास घेतोय अशी आवृत्ती निवडा. मग तीच यादीत टाका आणि वायफायवर डाउनलोड करून ठेवा.

मामांच्या फोनवर आम्ही अशा निवडलेल्या गाण्यांची एक यादी केली. जुनी डाउनलोड सगळी काढली, मोबाइल डेटाचा दर्जा मुद्दाम खालीच ठेवला, डाउनलोडचा दर्जा लॉसलेस केला, आणि रात्री राऊटरच्या शेजारी फोन चार्जिंगला लावून सगळं उतरवलं. आता वीज जावो, फायबर तुटो, संध्याकाळची यादी फोनमध्येच असते. नवीन काही ऐकायचं असलं तर ते दुपारी माजघरात बसून शोधतात आणि आवडलं की तिथेच डाउनलोडचं बटण दाबतात. गणपतीच्या आधी एकदा जाऊन डॅकची पिन पुन्हा पुसायची आहे, तेवढं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.